झोळीतली मूठ

माझ्या बायकोने, कुंदाने, आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात घालून मधे पातेलं ठेवलं होतं, ती त्या बाजूने, मी ह्या बाजूने. वाल चिमटीत धरून दाबला की सालातून सुटकन निसटतो, आणि माझा दर दहावा वाल पातेल्याबाहेर जाऊन पडायचा. "भिंती रंगवताना पण असेच शिंतोडे उडवायचे का?" ती म्हणाली. मी म्हटलं, भिंती माझ्याकडे बघून हसत नव्हत्या. समोर पोरीचा कॉम्प्युटर. आमची अंकिता अंधेरीला एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवायच्या कामाला आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. तिचं टेबल आमच्या मुलुंडच्या हॉलमध्येच, टीव्हीच्या जागेवर. टीव्ही आत गेला. मग आम्ही म्हातारी माणसं टीव्ही बघावा तसे तिच्या स्क्रीनकडे बघत बसायचो. त्या दिवशी स्क्रीनवर माझी लहानपणची खोली होती.

त्यांचा तो गेम भुताटकीचा. एक माणूस म्हातारपणी आपल्या जुन्या चाळीत परत येतो आणि एकेक खोली उघडत जातो. अंकिताचं काम त्यातल्या उजेडाचं. खोली दुसरे कोणी बांधतात, हिने त्यात ऊन कुठून येतं, किती येतं, कुठे पडतं ते ठरवायचं. हे सगळं ज्याच्यात करतात त्याला इंजिन म्हणतात. मी विचारलं, डिझेलवर चालतं काय? कुंदा हसली, पोरगी नाही हसली. तर तिला एक खोली जरा खरी वाटणारी पाहिजे होती. "बाबा, तुमची भांडुपची खोली सांगा ना." आणि मी सांगितली. महिनाभर सांगत होतो. मी सातवी नापास माणूस, जन्मभर लोकांच्या भिंतींना रंग दिला, मला कोणी एवढं बसून काही विचारलं नव्हतं. तिने भिंती नुसत्या चुन्याच्या पांढऱ्या केल्या होत्या. मी म्हटलं, अगं खाली कमरेपर्यंत हिरवा ऑइल पेंट होता. दार उघडलं की उन्हाचा पट्टा जमिनीवर पडायचा, तिथून उठून त्या हिरव्यावर जायचा आणि आमची तोंडं हिरवट दिसायची, दुखण्यातून उठल्यासारखी. तिने भिंतीला हिरवा दिला आणि खरंच, खोलीतल्या सगळ्या वस्तूंवर तो रंग आपोआप चढला. मग हे सगळं झाल्यावर वरून आणखी एक हात मारतात, त्याला पोस्ट प्रोसेस म्हणतात. दाराच्या उजेडाला जरा धुरकट करायचं, चित्राच्या कडा काळ्या करायच्या, वर रव्यासारखे बारीक ठिपके पाडायचे. म्हणजे फायनल कोट, मी म्हटलं. "तसंच समजा," ती म्हणाली.

त्या खोलीत माझा धाकटा भाऊ शिरू गेला. अंकिताला एवढंच माहीत होतं की तो तापाने गेला, आमच्यात पुढच्या पोरांना तसंच सांगायची पद्धत पडली होती. खरं काय ते कुंदाला माहीत होतं, आणि माझ्या मोठ्या बहिणीला, आक्काला, जी आता बोरीवलीला मुलाकडे असते. आणि मला. त्या दिवशी मी बारा वर्षांचा होतो आणि मी एक वाक्य बोललो होतो. त्या वाक्याखाली आक्काचा जन्म गेला. ते वाक्य खरं की खोटं, हे मी म्हातारा होईपर्यंत कोणी तपासलं नाही. मी तर नाहीच.

आमचे बाबा गिरणीत रातपाळीला. बाकीच्यांच्या पाळ्या फिरत्या असायच्या, बाबांनी रात कायमची मागून घेतली होती, दिवसा मुकादमाची तोंडं बघायला नकोत म्हणून. सकाळी आठला यायचे, उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेलं सुकट खायचे, आणि साडेआठला आमच्या घरात रात्र व्हायची. खिडकीवर काळी घोंगडी टांगायची. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यावर बाबांनी वर चढून डांबर फासलं होतं. दार लोटायचं. घोंगडीला कसर लागून भोकं पडली होती, त्यातून उजेडाचे मणी जमिनीवर पडायचे आणि दिवस चढेल तसे सरकत सरकत मोरीकडे जायचे. आत बसलेल्या माणसाला तेवढंच घड्याळ. हे मी अंकिताला सांगितलं तर तिने मणी वेगळे काढले नाहीत, घोंगडीला भोकं पाडली, आणि बाहेर सूर्य फिरवला. मणी आपले आपण पडले आणि आपले आपण चालायला लागले.

पण अंधारापेक्षा मला आठवते ती शांतता. आई बांगड्या कोपरापर्यंत चढवून ठेवायची. भांडं खाली ठेवताना आधी फडकं. फोडणी घरात दिवसा द्यायची नाही, चुरचुरते. कालवण सकाळीच करून ठेवायचं नाहीतर बाहेर तीन दगडांवर. खोकला आला तर उशीत तोंड घालायचं. मला माझ्या नावाने जितकी हाक मारली नसेल तितक्या वेळा 'गप' म्हटलं गेलं, तेही कुजबुजत. चाळीतली पोरं आमच्या खोलीला गुहा म्हणायची. "ए गुहेतल्या, येतोस काय खेळायला?" रविवारी तेवढी घोंगडी खाली यायची. रविवारी बाबा जागे, म्हणून रविवारी उजेड, तेलात लसूण, बांगड्याचं तिखलं आणि आईची बडबड. आई इतकी बोलकी बाई आहे हे आम्हाला आठवड्यातून एकदाच कळायचं. आणि शिरू. दीड वर्षाचा होता, चालायला लागून दोनेक महिने झालेले. आजीने गावाहून त्याच्यासाठी घुंगरांचे चांदीचे वाळे पाठवले होते. बाबा कामावरून आले की आई ते त्याच्या पायातून काढून खुंटीला लावायची, आणि दुपारी चारला बाबा उठले की परत घालायची. चारनंतर घरभर छुमछुम. चारपर्यंत त्याचा पाय वाजत नसे.

तो दिवस उन्हाळ्याचा. शाळा सकाळच्या झाल्या होत्या. आक्का, चौदा वर्षांची, शाळेत गेलेली, ती साडेबाराला यायची. मी पोटात दुखतंय सांगून घरी राहिलो होतो आणि पोटात दुखत असताना बाहेर गोट्या खेळत होतो. आईने अकराला शिरूला झोळीत घातलं. झोळी म्हणजे जुनं लुगडं, वाशाला बांधलेलं, जमिनीपासून हातभर वर. मोरीत बाबांच्या आंघोळीचं घंगाळ भरून ठेवलेलं, चार वाजेपर्यंत पाणी उन्हाळ्यात आपोआप कोमट होतं म्हणून. मग आई चाळीच्या मागे खडकावर गेली, तिथे सुकट वाळत घातलेलं, कावळे हाकायला कोणीतरी लागतंच. बाराच्या सुमारास तिने मला तिथूनच हाक मारली. "वश्या, वाईच बघून ये रे, शिरू निजलाय काय. उठला असंल तर उचलून आण. आणि दार वाजवू नको, बाबा उठतील."

माझा डाव होता. गोटी जिथे होती तिथे खूण करून मी धावत गेलो. दार ढकललं, डोकं आत घातलं, बाबांचं घोरणं ऐकलं, डोकं बाहेर काढलं. परत आलो.

"निजलाय."

"नीट बघितलंस?"

"हो गं. मूठ बाहेर आहे त्याची."

तो नेहमीच एक मूठ झोळीबाहेर काढून झोपायचा. आईचं समाधान झालं. मी डाव जिंकलो, तेही आठवतं मला.

साडेबाराला आक्का आली. तिची पाळी सुरू झाली, कारण शाळेतून आली की शिरूकडे बघायचं काम तिचं. ती आत गेली नाही. उंबऱ्यावर बसली, कारण आत अक्षर दिसत नाही आणि पान उलटलं तरी आवाज होतो. दारात उन्हाची एक पट्टी यायची तेवढ्यात वही धरून गणितं करत बसली. तासाभराने आई सुकटाची टोपली घेऊन आली, आक्काला ओलांडून आत गेली, डोळे सरावेपर्यंत जरा थांबली. आणि मग आमच्या घरात दिवसाउजेडी पहिल्यांदा आवाज झाला. शिरू घंगाळात होता, डोकं खाली. तिथून चार हातांवर बाबा खाटेवर झोपलेले. शेजारच्या काशीबायने त्याला मांडीवर घेतलं, उलटं धरलं, पाठीवर थोपटलं, मग थोपटणं थांबवून त्याचा हात हातात घेऊन बघत बसली. "बोटं बघा किती सुरकुतलीत," ती म्हणाली. "पोर आत्ताचं नाय गेलेलं. बराच वेळ झाला ह्याला." तिचं कोणी ऐकलं नाही. कारण संध्याकाळी बाबांनी विचारलं, शेवटचं कोणी बघितलं, आणि मी होतो.

"निजलेला होता. मूठ बाहेर होती. मी बाराला बघितलं."

म्हणजे बारानंतर. म्हणजे आक्काच्या पाळीत, मधला अर्धा तास कोणी मोजला नाही. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. बाबांनी कमरेचा पट्टा काढला. काशीबाय मधे पडली नसती तर त्या दिवशी आमच्या घरातली दोन पोरं गेली असती. आक्का एकच वाक्य बोलत होती, "बाबा उठतील म्हणून मी आत गेले नाय." महिन्याभरात तिला गावी आजीकडे पाठवली. शाळा सुटली. तिच्या वह्यांची पिशवी मीच माळ्यावर टाकली. तिकडेच तिचं लग्न केलं, तिकडेच ती शेतात राबली, मुलगा शिकून मुंबईला लागला तेव्हा म्हातारी होऊन परत आली. मला कोणी बोट लावलं नाही. मी शेवटचा बघणारा होतो. मला जवळ घेऊन बसायचे.

आईला ते ऐकायला लागायचं. वर्षं गेली तरी मधेच भाकरी थापताना हात थांबवून विचारायची, "निजलेला ना रे तेव्हा? शांत होता ना?" मी म्हणायचो, हो गं, शांत होता. एकदा म्हटलं, मनगटात काळा दोरा होता, तो पण दिसला. तिला बरं वाटलं. आता ह्या वयात खोटं बोलून मला काही मिळायचं नाही, म्हणून सांगतो, बाराव्या वर्षी मला ठाऊक होतं की मी काही बघितलेलं नाही. विसाव्या वर्षी ठाऊक नव्हतं. सांगून सांगून ती मूठ मला दिसायला लागली. रंगाऱ्याचं असंच असतं, सात हात मारल्यावर खालची भिंत कोणती होती ते त्याला पण सांगता येत नाही. लग्न झाल्यावर मी कुंदाला सांगितलं तेही मुठीसकट, दोऱ्यासकट. आणि अंकिताला खोली सांगताना म्हटलं, एक झोळी ठेव, आत एक पोर निजलेलं, मूठ बाहेर. तिने ठेवली. तिला वाटलं, बाबांना छान छान आठवतं.

तर वाल सोलत होतो त्या दुपारी. अंकिताने स्क्रीनवर दार उघडलं आणि खोली दिसली. खाट, ट्रंक, माळ्याची शिडी, मोरी, झोळी, झोळीतून बाहेर आलेली एवढीशी मूठ. मनगटात काळा दोरा. मला बरं वाटलं. इतकी वर्षं जे डोक्यात होतं ते भिंतीवर टांगल्यासारखं समोर. "बघ कुंदा," मी म्हटलं, "अस्संच."

कुंदा चष्मा वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "काहीतरीच काय. एवढं कुठे दिसायचं?"

"कुठे म्हणजे?"

"अहो, मी त्याच खोलीत लग्न होऊन आले. तेव्हा पण मामंजी दिवसा झोपायचे, तीच घोंगडी होती. पहिल्या दिवशी भर दुपारी बाहेरून आत आले आणि ह्या शिडीवर कपाळ आपटलं माझं." तिने भुवईवरची खूण बोटाने दाखवली. अंकिताला ती खूण ठाऊक होती, कशाची ते नव्हतं. "काळं ठिक्कर. काही म्हणजे काही नाही. सासूबाई कानात म्हणाल्या, वाईच थांब गो, मग दिसंल. तुझं कसं लगेच दिसतं गं, दार उघडल्या उघडल्या?"

अंकिता म्हणाली, "आई, ते असतं ह्याच्यात. डोळे सरावायला वेळ लागतो तसंच कॅमेऱ्याला लावता येतं. मी काम करताना बंद ठेवते. ते चालू असलं की कुठला उजेड मी ठेवलाय आणि कुठला त्याने वाढवलाय ते कळत नाही."

"मग कर की चालू. बाहेरून आत आण ना ह्यांना. उन्हातनं."

"गप गं," मी म्हटलं. "तुला काय कळतं त्यातलं."

कुंदाने माझ्याकडे बघितलं. चिमटीतला वाल तसाच होता. "मी कुठे काय म्हणतेय?" ती म्हणाली. "मी माझ्या कपाळाचं बोलतेय." मग वाल दाबला, पातेल्यात टाकला, हात पदराला पुसले आणि चहा ठेवते म्हणून उठली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आम्ही दोघं धावलो. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी तिला शेवटचा शब्द दिला तो 'गप'. तिने ऐकला.

अर्धे सोललेले वाल पाण्यातच राहिले. दुसऱ्या दिवशी घरात माणसं भरलेली आणि त्या वालांना वास सुटलेला, कोणीतरी ते ओतून टाकले. आक्का आली होती. भिंतीला टेकून दिवसभर बसली, एकमेकांशी बोलण्यासारखं आमच्याकडे कधी काही नसायचंच. लग्नाकार्यात भेटलो की बरा आहेस ना, बरी आहे, एवढंच. जाताना म्हणाली, "वसू, जेवत जा." मी मान हलवली. तिच्या डोळ्यांकडे बघायची मला सवय नाही.

तेरावं झाल्यावर अंकिता परत कामाला बसली. काम केलं की तिला बरं वाटतं, माझ्यावर गेली आहे. एका दुपारी म्हणाली, "बाबा, आई शेवटचं जे म्हणाली ना, ते मी केलंय. बघता?" मला नको होतं. पण आई शेवटचं म्हणाली असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? तिने खुर्ची दिली, हातात ते खेळायचं बटणांचं यंत्र दिलं. "तुम्हीच चालवा. हा अंगठा पुढे केला की चालतो."

मी बाहेर उभा होतो. चाळीपुढची मोकळी जागा, डोळ्यांत खुपणारं ऊन, पांढरं पडलेलं सगळं. मी अंगठा पुढे केला. दार आलं. दार सरकलं आणि स्क्रीन काळी झाली. मला वाटलं लाइट गेली. पण घोरणं ऐकू येत होतं.

"हे कोण घोरतंय?"

"तुम्हीच. मोबाइलवर घेतलंय, झोपलेले असताना."

माझंच घोरणं, बाबांच्या खाटेवरून येत होतं. मी थांबलो. मनात मोजत होतो. एक, दोन, तीन, चार, अजून काळं. पाचला ट्रंकेची एक कड राखाडी झाली. सहाला शिडी. मग झोळी, मग मूठ.

"एवढा वेळ?" मी विचारलं.

"कमीच ठेवलाय, बाबा. खऱ्या डोळ्याला ह्याहून खूप जास्त लागतो. पण मग खेळणारे कंटाळतात."

मी मागे आलो, परत उन्हात. परत आत. ह्या वेळी बारा वर्षांच्या पोरासारखं केलं, ज्याची गोटी बाहेर वाट बघतेय तसं. डोकं आत, डोकं बाहेर. एक मोजायला पण झालं नाही. काळं. परत केलं. काळं. अंकिता म्हणाली, काय करताय, थांबा ना जरा, दिसेल. मी म्हटलं, तेव्हा थांबलो नव्हतो. तिला काही कळलं नाही. सातव्यांदा की आठव्यांदा मी आत गेलो आणि थांबलो, आणि अंधार फिका व्हायला लागला तेव्हा झोळीकडे न बघता मोरीकडे वळलो. तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं, तिने केलेल्या खोलीत पण नाही. मोरीच्या कट्ट्याआड घंगाळ होतं. घंगाळातल्या पाण्यावर उजेडाचा एक मणी हलत होता.

"हा इथे कशाला ठेवलास?"

"कुठला? अरेच्चा. मी नाही ठेवला. बाराचं ऊन आहे ना, घोंगडीच्या भोकातून आपोआप तिथे पडतोय."

मी ते यंत्र टेबलावर ठेवलं.

"मूठ काढ," मी म्हटलं.

"का? छान आहे ती. सगळ्यांना आवडली आमच्या टीममध्ये."

"काढ. ती नव्हती. ती मी घातलेली."

मग मी तिला सांगितलं. गोट्या, सुकट, आक्काची वही, काशीबायने धरलेली बोटं, पट्टा, सगळं. काशीबायचं ऐकलं तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, तेही सांगितलं. आणि तिच्या आईला मी गप का म्हटलं तेही. कुंदाला किती वर्षं संशय होता, मला ठाऊक नाही. तिने कधी विचारलं नाही. तिने फक्त एकदा कपाळावरची खूण दाखवली. अंकिता रडली नाही. स्क्रीनकडे वळून तिने झोळीतली मूठ निवडली आणि काढून टाकली. लुगडं नुसतं लोंबत राहिलं. मग विचारलं, "आत्याला माहीत आहे हे?"

"काय?"

"की तुम्हाला दिसलं नव्हतं."

मी खुर्ची मागे सरकवली. तिने तेवढ्यावरून ओळखलं. "आत्या किती वर्षांची आहे आता, बाबा?" एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, कुंदाने इस्त्री करून ठेवलेला शेवटचा शर्ट घातला आणि बस धरून बोरीवलीला गेलो. पार्काच्या बाजूला आक्काच्या मुलाची, नितीनची सोसायटी आहे, दुसरा मजला. दार उघडंच होतं. आक्का उंबऱ्याच्या आत पाट टाकून तांदूळ निवडत बसली होती. घरात चांगल्या तीन खिडक्या आहेत, पण ती दारातच बसते. आत बाथरूमच्या बाहेर बादली उलटी घातलेली. त्या घरात बादली भरून ठेवत नाहीत, नितीन त्यावरून आईची थट्टा करतो, आम्हाला कर्फ्यू आहे म्हणतो. त्याला कारण ठाऊक आहे. तिने एकट्या त्यालाच सांगितलेलं आहे की तिच्या हातून तिचा भाऊ गेला.

"काय रे, सकाळी सकाळी? बरं आहे ना? आत ये, उभा का?"

मी आत गेलो नाही. जिन्यातच उभा राहून म्हटलं, "आक्का, मला तेव्हा दिसलं नव्हतं."

"काय दिसलं नव्हतं?"

"शिरू. झोळीत. मी उन्हातनं आलो, डोकं घातलं आणि काढलं. आत काळं होतं. माझा डाव होता बाहेर. मूठबीठ काही नव्हती, ती मी सांगितली. तो तेव्हाच पाण्यात असणार. तू यायच्या आधी."

तिचे हात सुपात तसेच राहिले. आत टीव्हीवर कोणीतरी मोठमोठ्याने हसत होतं.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"आई जाताना माझा हात धरून म्हणाली, तुला माफ केलं गो." आक्का अगदी सावकाश बोलत होती. "मी तिच्या पाया पडले."

तिने सूप बाजूला ठेवलं, दाराच्या चौकटीला धरून उठली. मला वाटलं, आता दार लावेल. लावलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण तिने आत तोंड केलं.

"नितीन! सुनबाई! बाहेर या. पोरीला पण आण. आणि तो टीव्ही बंद कर आधी."

नितीन गालाला साबण लावलेला तसाच आला. "काय झालं? मामा, तुम्ही? आई, काय झालं?" त्याची बायको हातात कणीक, मागे त्यांची शाळेत जाणारी पोरगी एक वेणी घातलेली, एक सुटलेली. सगळी दारात उभी राहिली. आक्काने माझ्याकडे बघितलं, आणि मी पण तिच्याकडे बघितलं.

"आत्ता काय बोललास ते परत बोल."

मी बोलायला लागलो. खाली मान घालून आमच्या घरात बोलायचो तसं कुजबुजत झालं ते.

"असं नाय," आक्का म्हणाली. "मोठ्याने बोल. इथे कोण निजलेलं नाय."

मी मान वर केली आणि मोठ्याने सांगितलं.